जावयाची दुर्बीण

वनखात्याच्या त्या कार्यालयात त्याला खऱ्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. साहेबांपासून झाडणाऱ्या बाईपर्यंत सगळे त्याला एकगोळी म्हणत. रानडुकरं शेतात घुसून मका लोळवू लागली, एखादं माजलेलं डुक्कर माणसांच्या अंगावर जाऊ लागलं, की खात्याकडे निरोप यायचा आणि खातं एकगोळीला पाठवायचं. तो जायचा, एक गोळी झाडायचा आणि घरी येऊन जेवायचा. दुसरी गोळी त्याने कधी झाडलीच नाही असं नाही, पण ती दुसऱ्या डुकरावर.

या नावाचा त्याला भारी अभिमान. कोणी तोंडावर कौतुक केलं की "छे, काहीतरीच" म्हणायचा, पण नव्या कारकुनाने आडनावाने हाक मारली तर ऐकू न आल्यासारखं करून पुढे निघून जायचा. एरवी माणूस इतका मवाळ, की रांगेत कोणी मध्ये घुसलं तर हाच मागे सरकून त्याला नीट जागा करून देणार. बायको म्हणायची, "यांच्या हातात रायफल असते तोवर कणा असतो. ती कपाटात गेली की तोही कपाटात." नवऱ्याबद्दल बायका बोलतात त्यात निम्मं वाढवलेलं असतं. यात काही वाढवलेलं नव्हतं.

लोकांना वाटतं नेम म्हणजे हाताचं काम. एकगोळीचं म्हणणं वेगळं होतं. त्याच्या मते हात निम्मा आणि बाकी सगळी दुर्बीण. रायफलीवर बसवतात त्या नळीच्या आत एक बारीक फुली दिसते. फुली जिथे टेकवाल तिथे गोळी लागली पाहिजे. पण गोळी सुटली की रायफल दणका देते, आणि दर दणका त्या दुर्बिणीच्या हाडांत जातो. चांगली दुर्बीण तो पचवते. हलकीतली फुली हळूच बाजूला सरकते आणि सरकल्याचं कोणाला सांगत नाही. दुकानात मांडल्या तर दोघी सारख्याच, उलट हलकीच जास्त नटलेली. तिला नेम जुळवायच्या चार फिरक्या जास्त, आत लाल दिवा, तोंडावर रबरी टोपी.

त्याने आपली दुर्बीण नोकरी नवी असताना घेतली होती. खात्याने दिलेली हलकी होती म्हणून स्वतःच्या पदरचे घालून घेतली, आणि त्यापायी घरात कित्येक महिने खिडक्यांना पडदे नव्हते, नव्या नवरीने वर्तमानपत्रं चिकटवून दिवस काढले. ती त्या दुर्बिणीला "माझी सवत" म्हणायची. सवत म्हणायची आणि पुसायला मऊ कापड मात्र स्वतःच्या जुन्या साडीचं फाडून द्यायची. दिसायला ती दुर्बीण अगदीच ओबडधोबड, काळा रंग कडांना उडालेला. पण इतक्या वर्षांत तिची फुली केसभर हलली नव्हती.

आता जावयाकडे येऊ, कारण घोडं तिथेच पेंड खातं.

एकगोळीला एकच मुलगी. तिचा नवरा धंदेवाईक, म्हणजे धंदा बदलणं हाच त्याचा धंदा. पहिला बुडाला तेव्हा जेवणाच्या टेबलावर एकगोळी सहज बोलून गेला, "जावईबापू, माल जरा पारखून घ्यायला हवा होता." बस, एवढंच. जावयाने हातातला घास ताटात ठेवला, उठला आणि गेला. आठवड्याने मुलगी बॅग घेऊन माहेरी आली आणि सबंध हिवाळा राहिली. तिला न्यायला तो आला तेव्हा दाराबाहेरच उभा राहिला, आत पाऊल टाकलं नाही. तेव्हापासून एकगोळीने जावयासमोर मत द्यायचंच सोडलं. हवा कशी आहे विचारलं तरी तो म्हणायचा, "तुम्हाला कशी वाटते?"

मग जावयाने बाजारपेठेत दुकान काढलं. तंबू, बूट, विजेऱ्या, मासे पकडायचे गळ आणि रायफलीच्या दुर्बिणी. मुलगी गल्ल्यावर बसू लागली, तिच्या चेहऱ्यावर जरा रंग आला, आणि एकगोळीच्या घरात पहिल्यांदाच फोन वाजला की तो उचलायला कोणी कचरेना. एका रविवारी जावई स्वतः घरी आला, आत बसला, चहा घेतला. बरोबर एक खोका होता.

"बाबा, ही तुमच्यासाठी. आता सगळीकडे हीच चालते. तुम्ही वापरलीत की तुमचं खातंही घेईल. तुमचा शब्द म्हणजे काय, सोनं!"

हरभऱ्याच्या झाडावर चढवायला त्याला चांगलं जमायचं. एकगोळीने खोका उघडला. दुर्बीण हातात घेतली आणि हाताला कळलं. फिरकी फिरवली, तर नीट टक टक बोलायच्या ऐवजी लोण्यात फिरल्यासारखी फिरली. त्याने मान वर केली. मुलगी त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्यामागे बायको बघत होती.

"छान आहे," तो म्हणाला.

"मग तुमची जुनी मला द्या. दुकानात काचेच्या कपाटात ठेवतो. लोकांना बघायला बरी."

तीही त्याने दिली. स्वतःच्या हाताने पेच सैल करून काढून दिली. चार दिवसांनी दुकानावरून जाताना त्याने पाहिलं, कपाटात त्याची दुर्बीण मखमलीवर ठेवली होती आणि खाली पाटी होती: 'एकगोळी यांची पूर्वीची दुर्बीण. आता तेही आमचीच वापरतात.'

नवी दुर्बीण त्याने एकट्याने जाऊन सरावाच्या मैदानावर जुळवली. पहिल्या काही गोळ्या जिथल्या तिथे लागल्या, आणि त्याला वाटलं की आपणच उगाच शंकेखोर. मग एक गोळी वीतभर उजवीकडे गेली. पुढचीही तिथेच. त्याने पुन्हा जुळवली. काही वेळ टिकली, मग पुन्हा सरकली. घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं.

"अहो, माणूस आपल्या पायांनी घरात आलाय," बायको म्हणाली. "त्याने हौसेनं दिलेली वस्तू परत करणार? आणि काय सांगणार, तुमचा माल खोटा?"

मुलीला त्याने फोनवर नुसतं सूचित केलं. "जरा सैल वाटते गं."

पलीकडे गल्ल्याचा खण लोटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "बाबा, मागच्या वेळीही तुम्ही एकच वाक्य बोलला होतात."

त्याने फोन ठेवला. मनाशी त्याने तोडगा काढला, की दर खेपेला निघण्याआधी फळीवर एक गोळी मारून बघायची, फुली सरकली असेल तर तिथल्या तिथे जुळवायची. तशी ती त्याची जुनीच पद्धत. शेताच्या अलीकडे, जनावर बिथरणार नाही इतक्या लांब, एखादी फळी उभी करून तो एक गोळी मारायचा आणि मगच पुढे जायचा. त्याचा जोडीदार त्याला पाटीपूजा म्हणायचा.

हा जोडीदार म्हणजे माग काढणारा. काटकुळा आणि उंच, म्हणून लांब्या. चिखलातला खूर बघून डुक्कर किती वेळापूर्वी गेलं आणि कोणत्या पायाने लंगडतं ते सांगायचा. दोघांची जोडी इतकी जुनी, की रानात एकमेकांशी बोलायची गरज पडत नसे. काम वाटलेलं होतं. लांब्या जनावर दाखवणार, एकगोळी मारणार, आणि बार वाजला की लांब्या उठून सरळ चालत जाणार. इतर जोड्यांत माग काढणारा थांबतो, जनावर हलत नाही ना बघतो, लांबून दगड मारतो. लांब्याला ती सवयच नव्हती. एकगोळीचा बार वाजला म्हणजे जनावर पडलं, त्यात बघायचं काय?

त्या पहाटे मक्याच्या शेतावर जायचं होतं. एक मोठा नर दोन माणसांना लोळवून गेला होता. जीप निघणार तोच जावई आला, गळ्यात कॅमेरा अडकवून. त्याला दुकानासाठी चित्रफीत हवी होती: सासरा नेम धरतोय, बार, डुक्कर पडलं, आणि मग दुर्बिणीचा जवळून फोटो. साहेबांनी हो म्हटलं. साहेबांना तसंही खात्याचं नाव कुठेतरी झळकायला हवंच होतं.

शेताच्या अलीकडे जीप थांबली. लांब्याने सवयीने फळी काढली. जावई कॅमेरा लावून बघत होता.

"हे काय, बाबा?" त्याने विचारलं. "दुर्बीण तपासायची असते?"

त्यात टोमणा होता की नुसताच प्रश्न, हे एकगोळीला कळलं नाही. त्याला फक्त एवढं दिसलं, की गोळी वीतभर उजवीकडे लागणार, ते कॅमेऱ्यात येणार, आणि आपण तिथे उभं राहून जावयाच्या डोळ्यांदेखत त्याचा माल नीट करत बसणार. मग संध्याकाळी मुलीच्या घरात काय होईल तेही दिसलं.

"राहू दे फळी," तो म्हणाला.

"आज पाटीपूजा नाही?" लांब्याने भुवया उडवल्या.

"राहू दे म्हटलं ना."

"राहू दे तर राहू दे," लांब्या म्हणाला आणि फळी परत जीपमध्ये टाकली.

जीप पुढे बांधापाशी लावून तिघं आडोशाला बसले, आणि नर डावीकडे तोंड करून मक्याच्या कडेला आला. उजाडलं होतं. दुर्बिणीच्या आत एका कडेला वाफ धरली होती, पण मधली फुली स्पष्ट होती. एकगोळीने मनात हिशेब केला, की उजवीकडे सरकली असेल तर जरा डावीकडे धरावी. पण सरकली नसेल तर? फळीवर मारली असती तर कळलं असतं. त्याने श्वास सोडला, फुली नराच्या खांद्यामागे टेकवली आणि चाप ओढला.

बार वाजला आणि लांब्या उठला.

गोळी डुकराच्या मागच्या मांडीत गेली होती. लांब्या ढांगा टाकत मक्यात शिरला आणि नर त्याच्यावर आला. एकगोळीने दुसरी गोळी झाडली, तीही उजवीकडे मातीत गेली. मग तो धावत सुटला, जवळ गेला, दुर्बिणीत न बघता नळी डुकराच्या कानाशी धरली आणि तिसरी झाडली. तोवर सुळ्याने लांब्याची मांडी कमरेपासून गुडघ्यापर्यंत उघडी केली होती. जावई जीपमध्ये चढून बसला होता आणि दार आतून लावून घेतलं होतं.

इस्पितळाच्या ओसरीत एकगोळी रक्ताने भिजलेल्या कपड्यांतच उभा होता. साहेब आले. मुलगी धावत आली आणि नवऱ्याच्या शेजारी उभी राहिली. जावई पांढराफटक पडला होता, पण त्याची नजर एकगोळीवरून हलत नव्हती.

"झालं काय नक्की?" साहेबांनी विचारलं. "तुमचा नेम चुकला? तुमचा?"

खरं बोलायला ओठ उघडले होते. त्याने मुलीकडे पाहिलं. तिने दोन्ही हातांनी पर्स धरली होती, माहेरी आली होती तेव्हा बॅग धरली होती तशीच.

"डोळा चुकला, साहेब," एकगोळी म्हणाला. "हल्ली जरा अंधुक दिसतं."

मुलीने मान खाली घातली. जावयाच्या तोंडावर मात्र लगेच रंग आला. "मी म्हणतच होतो," तो म्हणाला. "मोतीबिंदू असणार. या वयात किती दिवस ओढायचं! आम्ही कितीदा सांगितलं यांना."

एकदाही सांगितलं नव्हतं. पण एकगोळीने मान डोलावली.

लांब्याचा पाय वाचला, पण गुडघा वाकायचा तो कायमचा थांबला. एकगोळीची रायफल काढून घेतली आणि त्याला गोदामाच्या फाटकावर खुर्ची दिली. नवीन कारकून त्याला आडनावाने हाक मारू लागले, आणि तो ओ देऊ लागला. एकगोळी हे नाव कोणी मुद्दाम बंद केलं असं नाही. उलट चिडवायला वापरलं असतं तरी त्याला बरं वाटलं असतं. कोणी वापरलंच नाही.

त्याला सगळ्यात असह्य व्हायचं ते लांब्याकडे जाणं. लांब्या खिडकीशी पाय लांब करून बसलेला असायचा आणि याला बघितलं की हसायचा.

"तोंड पाडून येऊ नकोस रे," तो म्हणायचा. "डोळ्याला कोण काय करणार? दुर्बिणीने दगा दिला असता ना, तर त्या दुकानदाराला मी या कुबडीने हाणला असता. पण तुझ्यावर कसा रागवू? तू काय मुद्दाम केलंस?"

एकगोळी चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसायचा. मित्राने शिव्या घातल्या असत्या, घराबाहेर काढलं असतं, तर तो रडून मोकळा झाला असता. ही माफी त्याच्या घशाखाली उतरत नव्हती. घरी आल्यावर बायको विचारायची, "कसे आहेत ते?" आणि तो म्हणायचा, "मजेत."

मग एके दुपारी गोदामातून त्याची रायफल बाहेर आली. नवा नेमबाज ती न्यायला आला होता. शांत, अदबीने वागणारा गृहस्थ, दुसऱ्या विभागातून बदलून आलेला. रायफलीवर तीच दुर्बीण होती. पुसून लख्ख केलेली, रबरी टोपी घातलेली. खात्याने तशाच आणखी मागवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला आणि एका माग काढणाऱ्याला नदीकाठच्या शेतांत जायचं होतं.

एकगोळी खुर्चीवरून उठला. "ही दुर्बीण काढा," तो म्हणाला. "हिची फुली सरकते."

"मी सकाळीच जुळवली, काका. बरोबर लागल्या."

"पहिल्या लागतात. मग सरकते. माझं ऐका. त्या दिवशी माझा डोळा नव्हता चुकला. ही चुकली होती."

नवा नेमबाज ओशाळला. त्याने रायफल खांद्याला लावली आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, कागदोपत्री तुमचाच जबाब आहे ना, अंधुक दिसतं म्हणून? मी समजू शकतो. माझे वडीलही शेवटी गाडीलाच दोष द्यायचे." आणि जाताना त्याने फाटक स्वतः लावून घेतलं, एकगोळीला त्रास नको म्हणून.

एकगोळी तसाच निघाला आणि दुकानात गेला. आता एकच माणूस असा होता, ज्याने सांगितलं तर खातं ऐकेल. ज्याने माल विकला त्यानेच परत मागवला तर कोण वाद घालणार? पण जावई माल आणायला बाहेरगावी गेला होता. गल्ल्यावर मुलगी होती. तिच्यापुढे एक दुर्बीण होती, आणि ती तिच्यावरचे बोटांचे ठसे स्पिरिटच्या बोळ्याने पुसत होती. पायाशी खोक्यात आणखी पाच-सहा होत्या. कोणाच्या नळीला चरा, कोणाला वापरलेल्या रायफलीचा तेलकट डाग.

"परत आलेल्या आहेत?" त्याने विचारलं.

पुसलेली दुर्बीण तिने नव्या खोक्यात ठेवली.

"म्हणजे तुला माहीत आहे. कधीपासून माहीत आहे?"

"तुमच्या आधीपासून," ती म्हणाली.

त्याने पायाशी आलेला खोका बाजूला सारला. "उद्या पहाटे दोन माणसं जाणार आहेत," तो म्हणाला. "तू फोन कर. साहेबांना सांग, माल खराब निघाला. नवऱ्याला सांगू नकोस, मी त्याच्या पाया पडतो वाटलं तर."

"आणि मग मी कुठे जाऊ, बाबा? पुन्हा तुमच्याकडे?" तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही तेव्हा गप्प बसलात. माझ्यासाठी बसलात, मला कळतं. पण बसलात ना? आता एकटी मी कशाला बोलू?"

एवढ्यात गिऱ्हाईक आलं. जाडजूड, हसऱ्या चेहऱ्याचा शेतकरी, कडेवर नातू. त्याने खोक्यावर बोट ठेवलं. "हीच का ती, खात्यात वापरतात ती?"

"घेऊ नका," एकगोळी म्हणाला.

शेतकऱ्याने वळून पाहिलं.

"घेऊ नका ही. फुली सरकते हिची. माणूस मरेल."

तो ओरडला होता. आयुष्यात दुकानात, रांगेत, घरात कधी चढला नव्हता असा त्याचा आवाज चढला होता. नातू दचकून आजोबांच्या खांद्यात तोंड खुपसून बसला. शेतकऱ्याने गोंधळून मुलीकडे पाहिलं. मुलीने एक क्षण बापाकडे पाहिलं, आणि तिला रडू येणार असं त्याला वाटलं. मग ती हसली, गल्ल्यावरच्या बाईने हसावं तशी.

"माझे वडील आहेत," ती शेतकऱ्याला म्हणाली. "खात्यात नेमबाज होते. त्यांना आता दिसत नाही नीट. तेव्हापासून असंच बोलतात, मनावर घेऊ नका."

"अरेरे," शेतकरी म्हणाला. मनापासून म्हणाला. भला माणूस होता तो. त्याने नातवाला खाली ठेवलं आणि एकगोळीला दंडाला धरून दारापर्यंत आणलं.

"जपून हं," तो म्हणाला, "इथे पायरी आहे."

एकगोळीला ती पायरी दिसत होती. तिच्या कोपऱ्याचा उडालेला टवका, त्यात अडकलेलं बसचं तिकीट, तिकिटावरचा आकडासुद्धा त्याला वाचता येत होता. त्याने त्या माणसाच्या हाताचा आधार घेतला आणि चाचपडत पाय खाली टाकला.